आठव्या दिवसाचा रकाना

अध्यक्ष डॉक्टरसाहेब, युसूफभाई, आणि दस्तगीरभाईंसाठी इथे जमलेले तुम्ही सगळे,

मला सभेत बोलायची सवय नाही. आज तर ते जास्तच अवघड आहे. म्हणून मी लिहून आणलं आहे आणि कागदात पाहून वाचणार आहे; आज इथे जे पाहिलं-ऐकलं, तेवढं मध्ये तोंडी बोलेन. आवाज कापला तर थांबेन, आणि जिथे थांबले तिथूनच पुढे वाचेन. मध्ये कुणी बोलू नये, एवढी विनंती आहे.

मागे बसलेल्यांना मी माहीत नसेन. माझं नाव कमल सोनवणे. नंदुरबार शहरात बायका-मुलांना देवी टोचायचं काम मी दोन वर्षं करते. पडद्यातल्या घरांत पुरुष व्हॅक्सिनेटरला जाता येत नाही, म्हणून माझी नेमणूक झाली. दस्तगीरभाई शेख माझ्याबरोबर काम करत. म्हणजे मी त्यांच्याबरोबर. त्यांची बावीस वर्षं झाली होती.

आधी काय झालं ते सांगते. क्रमानं.

एक. माघ अर्धा झाला होता. शनिवारी लशीची पेटी रेल्वेनं नंदुरबारला उतरली.

दोन. ती पेटी मंगळवारी दुपारी सोडवून आणली. मधले दिवस ती पार्सलच्या पत्र्याखाली होती. लशीला गारवा लागतो. उष्म्यात तीन दिवस राहिली तर ती मरते. दिसायला तशीच दिसते.

तीन. त्या पेटीतल्या नळ्या चौघांनी वाटून घेतल्या. हेड व्हॅक्सिनेटर नाना पाटील, वामनराव, दस्तगीरभाई आणि मी.

चार. चौघांनी आपापल्या भागातली मुलं टोचली.

पाच. टोचल्यावर आठव्या दिवशी हात पाहायचा असतो. फोड धरला असेल तर लस लागली. नसेल धरला तर मूल टोचल्यासारखं नाहीच.

सहा. नानांच्या वहीत आणि वामनरावांच्या वहीत सगळ्या मुलांना लस लागली असं लिहिलं गेलं. माझ्या वहीत तो रकाना कोरा राहिला. दस्तगीरभाईंच्या वहीत शून्य होतं.

सात. नळ्या उन्हात ठेवल्याचा ठपका येऊन दस्तगीरभाई सस्पेंड झाले.

आठ. गेल्या गुरुवारी ते वारले.

एवढं झालं. यातलं एकही वाक्य ऐकीव नाही. पेटीवरची चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. तिच्यावर उतरल्याचा शनिवार आहे, सोडवल्याचा मंगळवार आहे, आणि सही नानांची आहे.

माझ्या आधी चार जण बोलले. चौघांनी दस्तगीरभाईंना प्रामाणिक म्हटलं. कशावरून, ते एकानंही सांगितलं नाही. समोर खुर्चीवर त्यांची टोचणीची पेटी ठेवली आहे आणि तिला झेंडूचा हार घातला आहे. महिन्यापूर्वी ही पेटी त्यांच्या हातातून काढून घेतली, तेव्हा दवाखान्याच्या याच पडवीत तुम्ही बहुतेक सगळे होता. मीही होते. किल्ली देताना ते म्हणाले, "सुई तापवायच्या दिव्याची वात बदलायला झाली आहे." आज हार कुणी आणला?

मंडळी, आमच्या कामातली एक रीत तुम्हाला सांगायला हवी. ती बाहेर कुणाला माहीत नाही.

आठव्या दिवसाचा रकाना पहिल्याच दिवशी भरायचा, ही ती रीत. एका गावाला दोनदा कशाला जायचं? चांगली लस शंभरात पंचाण्णव मुलांना लागतेच. मग टोचून झालं की तिथेच पारावर बसून पुढचा रकाना भरून टाकायचा. मी नवीन आले तेव्हा वामनरावांनी मला हे शिकवलं. म्हणाले, "बाई, आठव्या दिवशी फोड येतोच. सूर्य उगवतो का ते बघायला आपण उठतो का?" वर्षानुवर्षं हे चाललं, कारण वर्षानुवर्षं लस चांगली येत होती.

दस्तगीरभाई मात्र आठव्या दिवशी जायचे. दर वेळी. कोरीट असो की त्याच्या पलीकडचं गाव. नळ्या बांबूच्या नळकांड्यात, नळकांडं ओल्या वाळूच्या मडक्यात. पहाटे निघायचे आणि वाटेत थांबून मडक्याला गाल लावून पाहायचे. मला ते आधी गमतीचं वाटायचं. एकदा मी मुद्दाम त्यांच्यासमोर मडक्यात थर्मामीटर घातला. ते म्हणाले होते त्याहून अर्धी डिग्री इकडेतिकडे. नळ्या उन्हात ठेवणारा माणूस हा! हे ज्यांनी लिहून दिलं, त्यांनी मडक्याला ते गाल लावणं बावीस वर्षं पाहिलं होतं.

तर त्या पेटीनंतर आठव्या दिवशी ते कोरीटहून परत आले आणि इथे पडवीत वही उघडून बसले. नाना शेजारी होते. नानांनी वाकून पाहिलं.

"अरे दस्तगीर, काय लिखी ऱ्हायना तू? शून्य? तुले येड लागनं का?"

"नाना, पोरेसना हातवर काहीच नही शे. मी काय लिखू?"

वामनराव चहा पीत होते. ते म्हणाले, "भाईनी सुईले रोजा शे, नाना. तोंडले काही लावतच नही."

दस्तगीरभाईंनी मान वर केली नाही. लिहिता लिहिताच म्हणाले, "सोडी, वामनराव, सोडी. ईद येऊ दे."

सगळे हसले. मीही हसले. मग त्यांनी पेन ठेवलं आणि हळू आवाजात सांगितलं, "नाना, ती पेटी मेलेली होती. तुझ्या गावांना जाऊन बघ. वामनराव, तुम्हीही बघा." नानांचा चेहरा मी पाहिला. पेटी तीन दिवस स्टेशनवर का राहिली, हे नानांना कुणी सांगायला नको होतं. ते रनाळ्याला घरच्या लग्नात होते. पुतणीचं लग्न होतं. त्यात वाईट काही नाही. चिठ्ठी लिहून दुसऱ्या कुणाला स्टेशनवर पाठवता आलं असतं. तेही राहून गेलं. माणसाकडून राहतं.

पण त्या दुपारी नानांना कळलं होतं. वामनरावांना कळलं होतं. मला कळलं होतं. इथून पुढचं राहून गेलेलं नाही. इथून पुढचं केलेलं आहे.

वही दुरुस्त करायची तर शाईनं लिहिलेलं खोडावं लागणार. खोडलं की साहेब विचारणार, आधी लिहिलं ते केव्हा पाहून लिहिलंत? या प्रश्नाला उत्तर नव्हतं. म्हणून खोडलं नाही. उलट, मेलेल्या पेटीशी नावं जुळू नयेत म्हणून मुलांपुढचे नळ्यांचे क्रमांक बदलले. त्या पेटीचे क्रमांक जाऊन आधीच्या पेटीचे क्रमांक तिथे आले. मी दोन्ही वह्या पाहिल्या आहेत. आकड्यांवर आकडे गिरवले आहेत.

मग इन्स्पेक्टर साहेब आले. चार वह्या टेबलावर मांडल्या. त्यांनी विचारलं, "शेख, सगळ्यांची लस लागली. तुमचीच कशी लागली नाही?"

दस्तगीरभाईंचं उत्तर मला शब्दशः आठवतं. "साहेब, माझ्या मुलांच्या हातावर फोड नाही. दुसऱ्यांच्या मुलांचे हात मी पाहिलेले नाहीत."

दोन्ही वाक्यं खरी होती. नाना त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभे होते. एका वाक्याचं काम होतं. नाना बोलले नाहीत. साहेबांनी अहवाल लिहायला सांगितला, तेव्हा मात्र नाना लिहायला बसले. कच्च्या कागदावर त्यांनी लिहिलं, नळ्या उन्हात राहिल्या असाव्यात. पक्क्या कागदावर, नळ्या उन्हात ठेवल्या. साक्षीदार म्हणून सही वामनरावांची आहे.

आता माझं.

साहेबांनी माझी वही उचलून विचारलं, "बाई, हा रकाना कोरा का?" मी म्हणाले, "पाहणी व्हायची आहे." ते खोटं होतं. पाहणी झाली होती. माझी तेवीस मुलं होती आणि तेवीस हातांपैकी एकावरही फोड नव्हता. कारण विचाराल तर, माझी नोकरी अजून कायम झालेली नाही आणि शिफारस नानांनी करायची आहे. नव्या पेटीतून मी ती तेवीस मुलं पुन्हा टोचली. आयांना सांगितलं, मागच्या वेळी जोर कमी पडला. वहीत काही लिहिलं नाही.

मी त्या दिवशी शून्य म्हटलं असतं, तर टेबलावर दोन शून्यं झाली असती. दोन शून्यं झाली असती, तर साहेबांनी माणसाकडे पाहायचं सोडून पेटीकडे पाहिलं असतं. एवढाच हिशेब आहे. मला तो तेव्हाही येत होता.

दुसऱ्या दिवशी मी दस्तगीरभाईंच्या ओट्यावर गेले. विचारलं, "तुम्ही साहेबांना पेटीचं का सांगितलं नाहीत?"

ते म्हणाले, "बेटा, माझी आई गेली तेव्हा नाना रनाळ्याहून चालत आला होता. ऐन पेरणीत. जनाज्याला खांदा दिला त्यानं. त्याचं पान त्यानं लिहावं. मी माझं लिहिलं."

मी म्हणाले, "आणि त्यांच्या गावातली मुलं?"

भाभींनी आतून चहा पाठवला, तो निवला.

मी तेव्हा त्यांना सांगितलं, तुमचं हे चुकतं आहे. आजही माझं मत तेच आहे. ते वारले म्हणून मी ते बदलणार नाही. मित्राला वाचवायला ते स्वतः बुडाले, ही गोष्ट ऐकायला चांगली वाटते. आज इथे कुणी तरी ती सांगेलच. पण साहेबांपुढच्या त्या गप्प बसण्यानं नाना वाचले आणि मुलं वाचली नाहीत. हे त्यांनाही दिसत होतं, असं मला वाटतं. कारण थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "नव्या पेटीतल्या किती नळ्या आहेत तुझ्याकडे?"

मी आठ नळ्या दिल्या. सस्पेंड झालेल्या माणसाच्या हाती लस देणं नियमाविरुद्ध आहे. मी ती माझ्या वहीत त्यांच्या नावानं लिहिली आहे. कुणाला पाहायची असेल तर वही आत कपाटात आहे.

रविवारी मी त्यांच्याबरोबर कोरीटला गेले. पारावर बायका जमल्या. एकीनं पोरीचा हात पुढे धरला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "देवीवाला मामा, मन्ही पोरले काहीच उठनं नही. तुन्ही सुई खोटी शे का?"

बायका हसल्या. मला वाटलं, आता ते काही तरी सावरून घेतील. आम्ही घेतो तसं.

ते म्हणाले, "सुई खरी शे, माय. दवा मरेल व्हती. मन्हाकडून मरेल दवा टोचाई गई. आज नवी आणेल शे. रडी पोर, पण पुढं रडाव नही."

"मरेल टोची? मंग सांगाले आना?"

"मंग कोण सांगी?"

ती बाई पोरीला मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, "टोच." तिच्यामागून बाकीच्या आल्या. चाळीस मुलं झाली. एकानंही हात मागे घेतला नाही. मला प्रशिक्षणात शिकवलं होतं की चूक कबूल केली तर खेड्यातले लोक टोचू देत नाहीत. हे कुणी पाहून लिहिलं होतं, मला माहीत नाही.

आठव्या दिवशी ते एकटेच पुन्हा कोरीटला गेले. वही नव्हती, म्हणून साध्या कागदावर लिहून आणलं. चाळीस नावं, चाळीस फोड. कागद माझ्या हातात दिला तेव्हा त्यांना ताप होता. चौथ्या दिवशी ते गेले.

कोरीटला गेल्यामुळे ते वारले, असं मी म्हणणार नाही. छाती भरली होती, वय झालं होतं, त्या आठवड्यात वाराही सुटला होता. कारण ठरवायला पुरावा नाही. पण ते गेले तेव्हा त्यांच्या नावावर निष्काळजीपणाचा शेरा होता, याला पुरावा आहे. तो नानांच्या अक्षरात आहे. मघाशी कुणी तरी म्हणालं, खात्यानं एक निष्ठावंत माणूस गमावला. खात्यानं त्याला काढलं होतं. गमावणं निराळं.

आज सकाळी नाना मला दारात भेटले. म्हणाले, "बाई, आज नको. मयतना कार्यक्रम शे. आपला मानसं आपण सांभाळानं ऱ्हास."

नाना, तुमचं म्हणणं मी ऐकलं. त्यावर तिथेच विचार केला. आपली माणसं म्हणजे कोण? दस्तगीरभाई आपले होते की नव्हते? ते तुमच्याकडे दोनदा आले होते, हे मी याच पडवीत ऐकलं. "नाना, तुन्हा गावं मी टोची देसू. तू फक्त नावं सांग." दोनदा म्हणाले. तुम्ही दोनदा म्हणालात, "हाऊ महिना जाऊ दे." बावीस वर्षांच्या सोबत्यानं तुमची चूक स्वतःच्या पायांनी निस्तरायची तयारी दाखवली, तुमचं नावही न घेता. त्याला तुम्ही गावांची नावंसुद्धा दिली नाहीत. त्यांनी तुम्हाला सांभाळलं. तुम्ही कुणाला सांभाळलंत?

आणि वामनराव, तुम्ही मघाशी रडलात. मी ते खोटं समजत नाही. पण अहवालावर सही करताना तुमचा हात थरथरला नव्हता. सही मी पाहिली आहे. चांगली वळणदार आहे.

युसूफभाई, तुमच्या भावाच्या सभेत मी हे बोलते आहे. भाभी नवऱ्यामागच्या इद्दतीत घरी बसल्या आहेत, त्या इथे येणार नाहीत. घरी गेल्यावर त्यांना जे सांगायचं ते तुम्ही ठरवा. मी काल तुमच्या परवानगीनंच हा कागद लिहिला. तुम्ही एवढंच म्हणालात, "लिहा. पण जास्त लिहू नका, कमी लिहू नका." मी तसा प्रयत्न केला आहे.

नुसत्या दस्तगीरभाईंच्या नावासाठी बोलायचं असतं, तर मी त्यांचा चाळीसावा दिवस होऊ दिला असता. घाई दुसऱ्याच गोष्टीची आहे.

मंगळवारी विसरवाडीच्या नाक्यावर मोटारीतून एक बाई उतरली. कडेवर मूल होतं. मुलाच्या अंगभर देवी होत्या. डॉक्टरसाहेबांनी स्वतः पाहिलं आहे. ती बाई नाक्यावरच्या दुकानांच्या ओट्यावर अर्धा दिवस बसली होती. त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंची गावं वामनरावांची आहेत. तिथली सगळी मुलं वहीत सुरक्षित आहेत. त्यातली किती खरोखर सुरक्षित आहेत, हे वहीवरून कळत नाही, कारण क्रमांक बदललेले आहेत. रनाळ्याकडच्या नानांच्या गावांचंही तेच.

कपाटात आज तीस नळ्या आहेत. एका नळीत पाच मुलं. दीडशे झाली. दोघांच्या वह्यांत मिळून या हंगामात सहाशेच्या वर नावं आहेत. सरसकट सगळ्यांना टोचायला लस नाही. नवी पेटी मागवली तरी यायला दिवस लागतील, आणि फाल्गुन संपत आला. चैत्रातल्या उन्हात वाटेतच ती मरेल. म्हणून दीडशे मुलं निवडायची आहेत, आणि ती बरोबर निवडायची आहेत. मेलेली लस कोणत्या गावांत, कोणत्या मुलांना टोचली, हे दस्तगीरभाईंना माहीत नव्हतं. मला माहीत नाही. डॉक्टरसाहेबांना माहीत नाही. या जगात ते दोघांना माहीत आहे, आणि ते दोघे पहिल्या रांगेत बसले आहेत.

मी कुणाची नोकरी मागत नाही. काल मी माझ्या वहीत तेवीस शून्यं लाल शाईनं लिहिली, खाली खुलासा लिहिला आणि सही केली. नक्कल डॉक्टरसाहेबांना दिली आहे. पुढे माझं जे व्हायचं ते होईल.

कार्यक्रमात लिहिलं आहे की शेवटी सगळ्यांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं. तुम्ही राहा. मी राहणार नाही. दस्तगीरभाईंना मी इथूनच सलाम करते.

नाना, वामनराव. गावांची नावं आणि मुलांची नावं लेखी द्या. डॉक्टरसाहेबांच्या टेबलावर, शुक्रवारी दिवे लागायच्या आत. शनिवारी पहाटे मी तीस नळ्या घेऊन निघणार आहे. कोणत्या रस्त्यानं निघायचं, ते मला कळवा.